न्हाण

दर गुरुवारी सकाळी सव्वासहाला
किनुए सुगानुमा हौदखोलीतला लाल दिवा लावते.
बाहेर हामाना सरोवर, धुक्यात रोवलेल्या बांबूच्या काठ्या;
आत अंधार, खारं पाणी, पंपाची घरघर
आणि चौदा वामी.

सगळा जन्म पाण्यात गेला त्यांचा,
पण न्हाण आलं नाही.

पाळलेली वाम अशीच राहते.
खाते, जाडावते, चिखलाच्या रंगाची होते.
गर्दीत वाढली तर बहुतेक सगळ्या नरच निपजतात,
म्हणून काचेसारखी पिल्लं असतानाच
खाद्यात कालवतात एस्ट्राडायॉल,
महिनोन् महिने, चिमटीचिमटीनं.
त्या माद्या होतात.
वयात येत नाहीत.

मेंदूच्या तळाशी खसखशीएवढी एक गाठ
तोंड मिटून बसलेली.
तिनं एक शब्द टाकला असता
तर रक्तानं तो खाली पोचवला असता,
पोटात बीजांच्या माळा फुगू लागल्या असत्या.
पण तिला हवा असतो दोन हजार किलोमीटरचा प्रवास,
मारियानाकडचा खोल काळा समुद्र,
अमावास्येच्या अलीकडची एखादी रात्र.
इथं आहे फायबरचा हौद, क्रमांक सहा.

मग दुसऱ्याची गाठ आणावी लागते.
होक्काइदोच्या सामन माशांची, डोकी फोडून काढलेली,
वाळवून केलेली पूड.
आपल्या पुस्तकांत या ग्रंथीला पीयूषिका म्हणतात,
म्हणजे अमृताची.
किनुएला ते ठाऊक असायचं कारण नाही.
तिच्या डबीवर लिहिलंय: उणे ऐंशी. सही करून काढणे.

लवंगेच्या तेलाच्या पाण्यात वाम सुस्तावते.
ओला टॉवेल, सुई, पाठीचा स्नायू.
"झालं हं, झालं," किनुए म्हणते,
आणि हागिवारा, वय सत्तावीस, पीएचडी चालू,
दर वेळी तेवढाच हसतो.
वजन. आकडा. परत पाण्यात.

आठव्या आठवड्यात डोळे मोठे होतात.
आतडं विरत जातं, आता खायचं नाही म्हणून.
कुठं जायचं नाही, हे त्यांना कोण सांगणार?

किनुए तेराची असताना
आईनं तांबड्या चवळीचा भात केला होता.
वडील ताटात बघून जेवले.
धाकट्यानं विचारलं, आज कुणाचा वाढदिवस?
कुणी बोललं नाही.
तिळाचं मीठ फार झालं होतं, एवढंच तिला आठवतं.

आता चोपन्न.
दवाखान्यातून चिकटपट्ट्या मिळाल्या,
ओटीपोटावर लावायच्या, आठवड्यातून दोनदा.
पाकिटावरचं नाव वाचून ती औषधाच्या दुकानातच हसली.
काउंटरवरच्या मुलीला कळेना काय झालं.
सांगायचं तरी काय?
की पिल्लांच्या खाद्यातही मी हेच कालवते?

अकराव्या गुरुवारी
चारशे सतरा नंबरची वाम एकशेदहा ग्रॅमनं वाढली.
बीजांनी पाणी घेतलं होतं.
शेवटची सुई शुक्रवारी दुपारी,
आणि रात्री दोन वाजता,
हागिवारा खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला,
किनुएनं दोन्ही हातांनी तिचं पोट
वरून खाली, हलकं, अगदी हलकं दाबत नेलं.

वाडग्यात उतरली
भिजल्या साबुदाण्याहून बारीक, तितकीच आरपार,
लाखो.

त्यांचं पुढं काय होईल ते सोमवारी कळेल.
वाम राहिली रिकाम्या बाहीसारखी.
तिची नोंद किनुएनं वेगळ्या वहीत केली.

पहाटे रस्त्यापलीकडं
वाम भाजणाऱ्या दुकानात कोळसे पेटत होते.
ती तिकडं वळली नाही.
रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानातून
तांबड्या चवळीच्या भाताचा एक गोळा घेतला,
प्लॅस्टिकमधला, एकशे साठ येनचा,
आणि गाडीत बसून, दिवा न लावता, खाल्ला.

तिळाचं मीठ अजूनही जास्तच घालतात.

येत्या गुरुवारी तेरा.